साहचर्याचं जाळं आणि सीटवरचा रुमाल

रूपक समजतं म्हणजे मनात नेमकं काय होतं, या प्रश्नाला सध्या एक उत्तर फार चलनात आहे. माणसाच्या डोक्यात शब्दांचं आणि कल्पनांचं एक जाळं असतं, असं ते उत्तर सांगतं. ‘बर्फ’ ही गाठ हलली की शेजारच्या ‘थंड’, ‘पांढरा’, ‘गोळा’, ‘हिमालय’ या गाठीही हलतात. ‘त्याचा आवाज बर्फ होता’ असं कुणी म्हणालं की बर्फाकडून निघालेली हालचाल आणि आवाजाकडून निघालेली हालचाल जिथे एकमेकींना भेटतात तिथे अर्थ हाती लागतो. हे जाळं कागदावर काढता येतं, धाग्यांची जाडी मोजता येते, संगणकावर ते चालवूनही बघता येतं. तेव्हा रूपकाचा प्रश्न तत्त्वतः सुटला, राहिलं ते तपशिलाचं काम! मूळ शोधनिबंधांत हे बरंच जपून लिहिलेलं असतं. निबंधातून व्याख्यानात आणि व्याख्यानातून गप्पांत येईपर्यंत ती जपणूक गळून पडते आणि ‘शेवटी सगळं साहचर्यच’ एवढंच वाक्य उरतं.

मला हे वाक्य मान्य नाही. वापरून गुळगुळीत झालेली रूपकं जाळ्यात अलगद सापडतात, हे कबूल. पण नवं रूपक समजताना जे घडतं ते जाळ्यात मुळात मांडलेलंच नसतं. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर साहचर्याचं जाळं हे रूढीचं मॉडेल आहे, प्रयोजनाचं नाही. म्हणणं एवढंच आहे. ते पटवायचं तर पूर्वपक्ष आधी नीट उभा केला पाहिजे. त्याला लुळा करून पाडण्यात काही मर्दुमकी नाही.

पूर्वपक्ष चांगला भक्कम आहे. 1969 मध्ये अ‍ॅलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन यांनी दाखवलं की ‘कॅनरी गाते’ हे वाक्य खरं ठरवायला माणसाला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त ‘कॅनरीला कातडी असते’ हे ठरवायला लागतो. जणू मन कॅनरीवरून पक्ष्यावर, पक्ष्यावरून प्राण्यावर अशा पायऱ्या चढून जातं. 1971 मध्ये डेव्हिड मेयर आणि रॉजर श्वानेव्हेल्ट यांनी लोकांना अक्षरांच्या जोड्या दाखवल्या आणि हे खरे शब्द आहेत की बनावट, एवढंच विचारलं. ‘ब्रेड’च्या जोडीला ‘बटर’ आलं तर उत्तर झटकन यायचं. ‘नर्स’च्या जोडीला ‘बटर’ आलं तर वेळ लागायचा. अर्थ विचारलेलाच नव्हता, तरी अर्थाचं शेजारपण काम करत होतं. मग 1975 मध्ये कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी (साक्षीदारांच्या आठवणी कशा बनावट होऊ शकतात यावरच्या कामासाठी पुढे गाजल्या त्याच) आधीच्या पायऱ्या मोडून एक सैल जाळं मांडलं. एक गाठ चेतली की चेतना धाग्यांवरून पसरत जाते, लांब जाईल तशी विरते. आजची बहुतेक मॉडेलं याच घराण्यातली.

जाळं विणायला धागे लागतात. ते दोन ठिकाणांहून आले. एक, माणसांना विचारून: फ्लोरिडात डग्लस नेल्सन आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक लोकांकडून मिळून पाच हजारांवर शब्दांना ‘मनात येणारा पहिला शब्द’ लिहून घेतला. दोन, मजकुरातून: कोणता शब्द कोणत्या परिच्छेदात किती वेळा येतो याचा प्रचंड तक्ता करायचा, गणिताने तो दाबून प्रत्येक शब्दाला सुमारे 300 आकड्यांची एक ओळ द्यायची, ज्यांच्या ओळी एकाच दिशेला झुकतात ते शब्द अर्थाने जवळचे. टॉमस लँडॉवर आणि सुसान ड्युमे यांनी 1997 मध्ये ही पद्धत नावारूपाला आणली, आणि 2000 साली वॉल्टर किंच यांनी तिच्यावर रूपकाचं मॉडेल उभं केलं.

किंच यांचं उदाहरण आता या क्षेत्रात पाठांतरासारखं झालं आहे: ‘माझा वकील शार्क आहे.’ शार्कचे शेकडो शेजारी गोळा करा. पोहणं, पर, दात, समुद्र, हल्ला, क्रूरपणा, सगळे. मग त्यांतले वकिलाच्याही जवळचे कोणते, याची जाळ्यात झोंबाझोंबी लावा. जिंकलेल्या मोजक्या शेजाऱ्यांचं वजन वकिलाच्या अर्थात मिसळा. पर आणि शेपूट मागे राहतात, हिंस्रपणा पुढे येतो. शिवाय ‘सर्जन म्हणजे खाटीक’ आणि ‘खाटीक म्हणजे सर्जन’ या दोन वाक्यांना मॉडेल दोन वेगळे अर्थ देतं, कारण शेजारी कुणाचे घ्यायचे आणि गाळणी कुणाची लावायची हे उलटतं. साध्या साम्यमापनाला ही दिशा कधीच जमली नव्हती. हे काम देखणं आहे, आणि मी हे उपरोधाने म्हणत नाही. रूपकाबद्दल हवेत बोलण्याऐवजी एक यंत्र मांडून ‘हे घ्या, चुकलं तर दाखवा’ म्हणायला हिंमत लागते.

तर चुकतं कुठे ते दाखवतो.

पहिली गोष्ट धाग्यांची. ‘मीठ’ म्हटल्यावर मनात येणारा पहिला शब्द कुणी ‘खारट’ लिहील, कुणी ‘मिरची’, कुणी ‘समुद्र’, कुणी ‘दांडी’. खारटपणा हा मिठाचा गुण. मिरची डब्यातली शेजारीण. तिच्यात मिठासारखं काही नाही. समुद्र हे मिठाचं उगमस्थान, आणि दांडी हा इतिहास. चार नाती, चारही निराळ्या जातींची. जाळ्यात मात्र चारही एकाच रंगाचे धागे होतात, फरक फक्त जाडीचा. मजकुरातून विणलेल्या जाळ्यात तर विरुद्धार्थी शब्दही शेजारी येऊन बसतात, कारण ‘चढ’ जिथे येतो तिथे ‘उतार’ येतोच. गंमत अशी की क्विलियन यांच्या मूळ जाळ्यात प्रत्येक दुव्यावर चिठ्ठी होती: हा प्रकार, हा गुण, हे काम. पुढे मोजणी सोपी व्हावी म्हणून चिठ्ठ्या सोलून काढल्या गेल्या, आणि नंतरच्यांना वाटू लागलं की जाळी चिठ्ठ्यांविनाच असतात.

चिठ्ठी गेल्याने काय जातं, हे डेड्रे गेन्टनर यांनी 1983 मध्येच सांगितलं होतं. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, असं आपण शाळेत शिकलो. सूर्याशी सगळ्यात घट्ट जोडलेल्या गोष्टी कोणत्या? पिवळा, तापलेला, सकाळ, ऊन. यांतलं एकही अणूच्या केंद्रकावर जात नाही, आणि कुठल्याही मुलाला ते जावंसं वाटत नाही. जातं ते एवढंच: जड वस्तू मधे, हलकी तिच्याभोवती, आणि ओढ आहे म्हणून फिरणं. म्हणजे गुण गळतात आणि नात्यांची चौकट जाते. ‘फिरतो’ या नात्यात कोण कुणाभोवती हे ठरलेलं असतं. ‘ग्रह–सूर्य’ हा धागा कितीही जाड केला तरी त्यातून ग्रह सूर्याभोवती फिरतो की सूर्य ग्रहाभोवती, हे निघत नाही. गॅलिलिओला ज्या फरकापायी नजरकैद भोगावी लागली तो फरक या जाळ्यात मांडताच येत नाही!

आता तो खाटीक घेऊ. किंच यांच्या मॉडेलला यश मिळालं म्हणतात ते नेमकं इथे. ‘डॉक्टर कसला, खाटीक आहे नुसता!’ हे वाक्य आपल्याकडे दवाखान्याबाहेरच्या बाकावर ऐकू येतं, आणि इंग्रजीतही सर्जनला हेच म्हणतात. अर्थ काय? हा माणूस धसमुसळा आहे, याला कापता येत नाही, रोग्याचं काय होईल याची याला पर्वा नाही. ठीक. आता रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून खाटकाचे हात बघा. आकड्याला टांगलेल्या बोकडात सुरी शिरते ती हाडावर एकदाही न अडखळता. सांधा कुठे आहे हे बोटांना ठाऊक असतं; टोक बरोबर खुब्याच्या वाटीत जातं, मनगट जरासं वळतं आणि रान सुटून हातात येते. मग ओंडक्यावर सत्तूर. एकाच वजनाचे घाव, एकाच मापाचे तुकडे, हाडाचा चुरा न होता. ‘अर्धा किलो, सीना-चाप मिक्स, एखादी नळी टाका’ म्हटलं की हाताने उचलेल तेवढं काट्यावर जवळजवळ अर्धा किलोच भरतं. शरीररचनेचं हे ज्ञान आणि हाताची ही सफाई बघून कुठलाही सर्जन मान डोलवेल.

म्हणजे ‘कापता येत नाही’ हा अर्थ आला कुठून? खाटकाच्या शेजारगाठींत अकुशलता नाही. सर्जनच्या तर नाहीच. दोन जाळ्यांत जी गोष्ट नाही ती त्यांच्या भेटीतून बाहेर आली. जोसेफ ग्रेडी, टॉड ओकली आणि सीना कोल्सन यांनी 1999 मध्ये हे उदाहरण घेऊन नेमकं हेच दाखवलं: खाटकाचं काम मेलेलं शरीर सुटं करणं; सर्जनचं काम जिवंत शरीर पुन्हा धड करणं. पहिल्याचं उद्दिष्ट आणि रीत दुसऱ्याच्या टेबलावर आणून ठेवली की तीच सफाई घातक होते. अडाणीपणा माणसात नसून या विसंगतीत आहे आणि ऐकणारा तो तिथे तयार करतो. तयार करायला त्याला दोन्ही कामांचे हेतू माहीत असावे लागतात. हेतू ही काही आणखी एक गाठ नव्हे. बाकीच्या गाठी कशासाठी आहेत, ते तो सांगतो.

यावर जाळेवाले म्हणतील, ‘अहो, पण खाटीक म्हटलं की निर्दय, धसमुसळा हे लोकांच्या मनात येतंच की! फ्लोरिडात विचारा, सोलापुरात विचारा.’ येतं, बरोबर आहे. पण का येतं? शेकडो वर्षं माणसांनी माणसांना खाटीक म्हटलं म्हणून. रूपकाचा निकाल आधी लागला, मग तो निकाल जाळ्यात धागा होऊन बसला, आणि आता तोच धागा दाखवून सांगताय की रूपक असं समजतं. मजकुरातून विणलेल्या जाळ्याचं तर हेच जास्त, कारण त्या मजकुरात आधीची रूपकं मुक्कामाला आहेतच. परीक्षेच्या आदल्या रात्री उत्तरपत्रिका वाचून आलेल्या पोराला पहिला नंबर मिळाला, तर त्याच्या बुद्धीविषयी आपण काय म्हणू?

म्हणून परीक्षा नव्या रूपकावर घ्यायला हवी. मी एक देतो. ‘त्याचं प्रेम म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल.’

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बस फलाटाला लागायच्या आत धावत जाऊन, टाचा उंचावून खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, कधी टोपी, कधी पिशवी, मागे एका आजोबांनी चक्क आपला चष्म्याचा डबा टाकलेला पाहिला आहे. मग आरामात दारातून चढायचं आणि तोवर कुणी बसलं असेल तर ‘रुमाल दिसला नाही का?’ म्हणून भांडायचं. वाक्याचा अर्थ असा: तो स्वतः तिथे नाही, पण हक्क सांगून ठेवला आहे. येईल तेव्हा येईल. तोवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. आणि ज्याच्या जोरावर हा हक्क आहे ती वस्तू चार आण्याची.

जाळ्याला हे वाक्य द्या. रुमालाचे शेजारी: नाक, घाम, खिसा, इस्त्री, डोळे, अश्रू, निरोप. खिडकीचे शेजारी: वारा, पडदा, गज, वाट बघणं. गाळणी कुणाची? प्रेमाची. प्रेमाजवळचं काय उरतं? अश्रू, निरोप, वाट बघणं. तिन्ही किती छान जुळतात बघा! मॉडेल सांगेल की हे विरहाचं वाक्य आहे, हळवं, खिडकीशी उभ्या राहिलेल्या कुणाचं. मराठी माणूस हसेल. आणि अडचण अशी की मॉडेलचा आत्मविश्वास इथे शार्कपेक्षाही जास्त असेल, कारण तिन्ही धागे जाड आहेत.

यावर जाळेवाले म्हणतील, ‘जाळ्यात एसटीची माहितीच कमी पडली. महाराष्ट्रातला मजकूर भरा, रुमाल–जागा हा धागा येईल.’ येईल, मान्य. मग हे घ्या: ‘ती म्हणजे रुमाल टाकलेली सीट’ आणि ‘तो म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल’. विधेयातले शब्द तेच: सीट, रुमाल, टाकणं. शेजारीही तेच. पहिल्या वाक्यात तिच्यावर कुणीतरी हक्क सांगून गेलं आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही. दुसऱ्या वाक्यात तो कुणा दुसऱ्याचा हक्क राखत बसला आहे. खरा धनी आला की याला झटकून खिशात कोंबलं जाईल. एक कीव दुसरीपासून इतकी लांब आहे, आणि शब्दांच्या ढिगाला या अंतराचा पत्ता नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या गाळण्या वेगळ्या लावून हा फरक निघत नाही, कारण तो पुरुष-स्त्रीच्या शेजाऱ्यांत नाहीच. तो आहे कोण टाकतो, कशावर टाकतो, कुणासाठी टाकतो, यात.

हा मुद्दा काही मी शोधलेला नाही, आणि खरं सांगायचं तर गेन्टनरबाईंनीही पहिल्यांदा शोधलेला नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याच्या, तीन अटी सांगितल्या: मूळ अर्थाला अडथळा यावा, नवा अर्थ त्याच्याशी कुठल्या तरी नात्याने जोडलेला असावा, आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी असावी नाहीतर प्रयोजन. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटलं की प्रवाहावर वाडा असणार नाही, म्हणून काठ घ्यायचा. जोडणारं नातं सामीप्याचं. इथवर जाळंही येऊ शकतं. पण मग सरळ ‘काठावर’ का म्हटलं नाही? तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला लागावं म्हणून. ही प्रयोजनाची पायरी लक्षणेने मिळत नाही, तिला व्यंजना, म्हणजे शब्दाची सुचवण्याची शक्ती, लागते, असं मम्मट हट्टाने सांगतो. प्रयोजनही लक्षणेनेच मिळतं म्हणाल तर त्या लक्षणेला आणखी एक प्रयोजन लागेल, त्याला आणखी एक, आणि अनवस्था होईल. आणि नातं म्हणजे नुसता ‘दुवा’ नव्हे, हेही शास्त्राने पक्कं केलं होतं: सामीप्य, सादृश्य, कार्यकारण, अवयव-अवयवी, स्वामी-सेवक. क्विलियन यांच्या जाळ्यातून सोलून काढलेल्या चिठ्ठ्या त्या याच.

त्याहून चपखल आहे ती ‘वाहीक म्हणजे बैल’ या उदाहरणावरची चर्चा. पंजाबाकडच्या वाहीक लोकांना अडाणी समजून ही थट्टा केलेली. अर्थ लागतो कसा? मम्मट तीन पक्ष मांडतो, कुणाचंही नाव न घेता. त्यांतला पहिला पक्ष म्हणतो की बैलाच्या सहचारी गुणांच्या, म्हणजे जडपणा-मंदपणाच्या, आधारावर ‘बैल’ हा शब्द वाहीकाला लागू होतो. हा चक्क साहचर्यवाद आहे, नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा! त्यावरचा आक्षेपही तेवढाच जुना: बैलाचा मंदपणा बैलात राहतो, तो वाहीकाचं नाव होण्याला कारण कसा होईल? बैलाच्या मंदपणाची जात निराळी, माणसाच्या मंदपणाची निराळी. दोन्ही एक मानायचे तर ते एक मानण्याचं काम कुणीतरी करायला हवं. 1955 च्या आसपास मॅक्स ब्लॅक यांनी ‘माणूस लांडगा आहे’ घेऊन ज्या संलग्न लोकसमजुतींच्या व्यवस्थेबद्दल लिहिलं, तिलाही हाच प्रश्न लागू पडतो. ब्लॅक यांना तो दिसला होता. म्हणून तर ते दोन्ही बाजूंच्या परस्परक्रियेवर भर देत होते. नंतरच्यांनी समजुती ठेवल्या आणि क्रिया सोडली.

आता जुन्यांनाही सूट नको. मम्मटाची पहिली अट, आधी मूळ अर्थ अडखळतो आणि मगच दुसरा शोधला जातो, ही मानसशास्त्राच्या प्रयोगात टिकलेली नाही. सॅम ग्लक्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये लोकांना सांगितलं की वाक्य शब्दशः खरं की खोटं, तेवढंच ठरवा. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ हे शब्दशः खोटं. पण ते खोटं ठरवायला लोकांना, शब्द अदलाबदल करून केलेल्या निरर्थक वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे रूपकाचा अर्थ न बोलावता मधे येऊन उभा राहिला. जाळेवाले या प्रयोगावर बोट ठेवतात आणि त्यांचा तो हक्क आहे. पण अर्थ आपोआप आला याचा अर्थ तो साहचर्याने आला, असा होत नाही. नळ सोडल्यावर पाणी आपोआप येतं. धरण आणि पंप त्याने नाहीसे होत नाहीत.

शिवाय 2001 मध्ये मॉर्टन अ‍ॅन गर्न्सबाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या आपोआपपणाच्या आत काय चालतं ते उघडून दाखवतो. ‘तो वकील शार्क आहे’ हे वाचल्यावर ‘शार्क चांगले पोहतात’ हे वाक्य खरं ठरवायला लोकांना जास्त वेळ लागला. एका खऱ्याखुऱ्या शार्कबद्दलचं वाक्य आधी वाचलेल्यांना तेवढा लागला नाही. पोहणं ही शार्कची सगळ्यात जवळची गाठ. पसरत्या चेतनेच्या हिशेबाने ती पेटायला हवी होती. ती विझवली गेली. विझवायचं काय हे ठरवायला वाक्य कशाबद्दल आहे ते आधी कळावं लागतं. किंच यांनी मॉडेलमध्ये गाठींची आपसात मारामारी ठेवली होती, म्हणून त्यांना थोडं विझवता येतं. पण तिथे विझतो तो अशक्त शेजारी. माणसात विझतो तो नको असलेला, कितीही सशक्त असला तरी.

हल्ली एक नवा साक्षीदार उभा केला जातो: भाषेची मोठी यंत्रं. ती रूपकं उलगडून सांगतात, नवीही बऱ्यापैकी सांगतात, आणि ती शब्दांच्या सहवासावरच शिकली आहेत. म्हणून जाळं जिंकलं. ही साक्ष उलटी आहे. ही यंत्रं वाक्यातला क्रम धरतात, कोण कर्ता आणि कोण कर्म हे धरतात, मागच्या परिच्छेदात काय घडलं ते धरतात. एकाच शब्दाला प्रत्येक वाक्यात नवा ठसा देतात. शब्दांच्या ढिगात जे नव्हतं तेच त्यांच्या बांधणीत मुद्दाम घातलं गेलं, आणि तेव्हाच ती बोलायला लागली. त्यांचं यश साहचर्याच्या खात्यावर जमा करणं म्हणजे बैलगाडीच्या बाजूने विमानाची साक्ष काढणं. ती रूपक माणसासारखी समजतात का, हा निराळा वाद, तो इथे उकरत नाही.

जाळेवाल्यांशी भांडतो म्हणून मला पलीकडच्या तंबूत बसवू नये. तिथले लोक म्हणतात, रूपक हा सहृदयाचा विषय, त्याला फूटपट्टी लावणंच पाप. हे बोलणं ऐकायला भारदस्त आणि आतून आळशी आहे. सहृदय म्हणजे काय हे उकलण्यासाठीच आनंदवर्धनापासून जगन्नाथापर्यंत माणसांनी आयुष्यं घातली, आणि त्यांची रीत काटेकोर होती, एकेका उदाहरणाला दहा आक्षेप घेणारी. ‘अवर्णनीय’ म्हणून हात झटकणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. आणि नात्यांच्या चौकटीवाल्यांचीही घडी पूर्ण बसलेली नाही: त्यांच्या संगणकाला सूर्यमाला आणि अणू आधी माणसाने नीट सोलून, नात्यांत मांडून हाती द्यावे लागतात. डेव्हिड चामर्स, रॉबर्ट फ्रेंच आणि डग्लस हॉफस्टॅटर यांनी 1992 मध्ये हीच तक्रार केली होती की अवघड भाग तर सोलणाऱ्या माणसानेच केला. तक्रार रास्त आहे. पण निदान त्यांच्या मॉडेलमध्ये तो भाग अवघड आहे हे दिसतं तरी.

2005 मध्ये ब्रायन बाउडल आणि गेन्टनर यांनी मांडलं की रूपकाला कारकीर्द असते: नवं असताना ते दोन गोष्टी एकमेकींवर बसवून समजतं, वापरून जुनं झालं की तयार वर्ग म्हणून. ही मांडणी स्वीकारली तर जाळ्याला त्याची जागा मिळते, कारकिर्दीच्या शेवटाला. ‘पैसे खाणं’, ‘डोक्यात राख घालणं’, ‘पोटात गोळा येणं’ हे समजायला खरोखरच कुणी चौकटी बसवत बसत नाही. पण मग शार्क-वकिलाचं उदाहरण चालवून ‘रूपकाकलनाचं मॉडेल’ अशी पाटी लावू नये. ‘रूढ रूपकाच्या आठवणीचं मॉडेल’ अशी लावावी. तेवढंही कमी नाही.

आणि पाटी बदलायची नसेल तर चाचणी बदला. शार्क, तुरुंग आणि खाटीक यांना निवृत्त करा. ‘अमुक म्हणजे तमुक’ या साच्याबाहेर या, कारण बोलण्यातली बहुतेक रूपकं क्रियापदांत राहतात: महागाई कंबरडं मोडते, मोकळा वेळ खायला उठतो. मजकुरात कधी न आलेली रूपकं, तीच नामं आणि तीच क्रियापदं, फक्त कोणी कुणावर काय केलं ते उलटवलेलं, अशा जोड्या करा. मॉडेललाही द्या आणि बसस्टँडवरच्या माणसांनाही. दोन्ही वाक्यांना मॉडेलने एकच उत्तर दिलं आणि माणसांनी दोन दिली, तर तो आकडा निबंधाच्या शेवटच्या पानावरच्या टिपेत न ढकलता सारांशात छापा.